दोघांच्या वजनाची गाडी

आमच्या चाचांना एकदा हॉर्न मारून चहा प्यायचा होता. एवढ्यासाठी मी मोटरसायकल घेतली, हे गावाकडे कुणाला खरं वाटत नाही. बायकोला तर अजूनही वाटत नाही. ती म्हणते, "चहाचं निमित्त हुतं. तुमचंच मन गाडीवर गेलं हुतं." त्यातही थोडं खरं आहे, पण आधी चहाचं सांगतो.

इकडे अमिरातीत चहाची एक रीत आहे. रस्त्याकडेला कॅफेटेरिया असतो. नाव मोठं, पण जागा म्हणाल तर आपल्याकडच्या टपरीला दोन भिंती जास्त. गाडीवाले येतात, दारासमोर गाडी उभी करतात आणि उतरत नाहीत. नुसता हॉर्न मारतात. आतला माणूस धावत येतो, काच खाली सरकते, ऑर्डर दिली जाते आणि थोड्या वेळाने कागदी ग्लासातला दाट, वेलदोड्याचा करक चहा खिडकीतून आत जातो. बाहेर पाय टाकला तर भाजेल अशा देशात ही रीत का पडली ते उघड आहे. चाचांना मात्र त्यात वेगळंच काही दिसत होतं.

चाचा म्हणजे आमचे फोरमन. रत्नागिरीकडचे कोकणी मुसलमान, दाढी पांढरी, गुडघे कामातून गेलेले, जीभ मात्र शाबूत. फुजैराच्या बंदरात आम्ही रिगर आहोत. म्हणजे क्रेनच्या हुकाला माल बांधायचा आणि वर केबिनमध्ये बसलेल्या क्रेनवाल्याला हाताने खुणा करायच्या. मी यायच्या खूप आधी कंपनीचं काम डोंगरापलीकडे होतं, कामगारांचा राहायचा कॅम्प अलीकडे. बस रोज डोंगरातून जायची आणि एका वळणावरच्या कॅफेटेरियासमोर हळू व्हायची. थांबायला नव्हे. तिथे स्पीडब्रेकर होता म्हणून. तेवढ्या वेळात चाचांना खिडकीतून रोज तेच दिसायचं. कुणीतरी गाडीत टेकून बसलंय, पीप करतंय, आणि दुसरा माणूस त्याच्यासाठी चहा घेऊन पळत येतोय.

"सगळी उमर दुसऱ्याच्या हॉर्नवर धावलो रे," चाचा म्हणायचे. "क्रेनचा हॉर्न, बसचा हॉर्न, साहेबाच्या गाडीचा हॉर्न. एकदा मी वाजवणार आणि दुसरा येणार. मग खलास. घरी गेलो तरी चालेल."

हे ते जेवताना, पत्ते खेळताना, कधीही म्हणायचे आणि आम्ही हसायचो. यंदा मात्र खरंच त्यांचं जायचं ठरलं. वय झालं, कंपनीने व्हिसा पुढे वाढवला नाही. रमजानचा चंद्र घरी बघायचा, असं ठरवून त्यांनी तिकीट काढलं. कायमचं. त्या आठवड्यात ते हॉर्नबद्दल काही बोलेनात, तेव्हा माझ्या लक्षात आलं की ती गंमत नव्हती.

"टॅक्सी करू की चाचा," मी म्हटलं. "मी देतो पैसे."

"टॅक्सीत हॉर्न कोण मारणार?"

"ड्रायव्हर."

"मग चाय त्याचाच झाला ना, घाट्या!"

मी माणदेशातला, म्हणून घाटी. पहिल्या दिवसापासून मला तेच नाव आहे आणि मला ते आवडतं. मी आठवीत शाळा सोडली. शिकायची हौस नव्हती असं नाही. फळ्यापुढे उभं केलं की येत असलेलंही विसरायचो, ती भीती काही गेली नाही. काळजी करणं हा माझा जन्माचा जोडधंदा आहे. इकडे आलो तेव्हा इंग्रजीत छापलेला साधा फलक दिसला तरी वाटायचं, आपलं काहीतरी चुकलंय आणि ते इथे लिहिलंय. चाचांनी मला कॅम्पच्या गच्चीवर उभं करून क्रेनच्या खुणा शिकवल्या. मूठ म्हणजे थांब. बोट वर करून फिरवलं म्हणजे उचल. तळहात हळूहळू मिटला म्हणजे बारीक, बारीक, अजून बारीक. रिगरच्या कार्डासाठी परीक्षा झाली, तेव्हा परीक्षकाला चाचाच म्हणाले, "सर, पहिले इसका हाथ देखो. काग़ज़ बाद में देखो." त्याने हात बघितला. आज माझी मुलगी चांगल्या शाळेत जाते ती त्या हातावर.

तर आता मला चाचांना त्या वळणावर न्यायचं होतं आणि हॉर्न त्यांच्या हाताखाली द्यायचा होता. कारचं लायसन्स माझ्याकडे नाही. मोटरसायकलचं आहे. तेही दुसऱ्या खेपेला मिळालं, कारण पहिल्या खेपेला मी गावच्या सवयीने पुढच्या ब्रेकला बोट लावलं नव्हतं. शिकवणारा मास्तर म्हणाला, "ब्रेक दो हैं, भाई." मला ते माहीत होतं. पुढचा दाबला की माणूस उडतो, असं आमच्याकडे सगळे मानतात, हे त्याला माहीत नव्हतं.

लायसन्स काढून ठेवलं होतं, पण गाडी घ्यायचा धीर होत नव्हता. डिलिव्हरीवाल्यांच्या छोट्या गाड्या शेजारून ट्रक गेला की वाऱ्याने हलतात, आणि डोंगराचा रस्ता म्हणजे खडीच्या ट्रकांचा रस्ता. मोठ्या गाड्या आपल्या आवाक्याबाहेर. मधल्या असतात त्या अ‍ॅडव्हेंचर गाड्या. उंच, लांब स्प्रिंगच्या, रुंद हँडलच्या, डांबर असो की खडी, सारख्याच चालणाऱ्या. मी मोबाइलवर त्यांचे व्हिडिओ बघायला लागलो. सगळ्यांत एकच उंचच्या उंच माणूस असायचा, गाडीवर उभा राहून चिखलातून जायचा आणि चिखलाचं कौतुक करायचा. माझी उंची सांगितली तर लोक हसत नाहीत, बघितली की हसतात. आणि त्या व्हिडिओतला एकही जण मागे फोरमन बसवून जात नव्हता. त्यामुळे मला पाहिजे ते कुणीच सांगत नव्हतं. सिग्नलला थांबलो आणि पाय टेकले नाहीत तर? चाचांसकट आडवा झालो तर? रमजानला घरी प्लास्टर घेऊन गेले तर चाचींना काय तोंड दाखवू?

शारजाला कंपनीचे माल बांधायचे पट्टे तपासायला द्यायचे होते. चाचा आणि मी पिकअपमधून गेलो आणि काम उरकून तसेच एका मोटरसायकलच्या दुकानात शिरलो. दुकानदार केरळचा, हसतमुख. त्याने आधी चिनी गाडी दाखवली. डब्बल सिलिंडर, टीव्हीएवढा पडदा, दोन्ही बाजूंना आणि मागे अशी तीन खोकी गाडीबरोबर फुकट. किमतीला सगळ्यांत परवडणारी.

"चाचा, मागे बसून बघा," मी म्हटलं.

चाचांनी पाय उचलला. पाय खोक्याला लागला. दुसऱ्या बाजूने गेले. तिथेही खोकं.

"ह्यावर माणूस बसवायचा की माणसाला खोक्यात भरायचा?" त्यांनी विचारलं.

दुकानदाराने मागचं खोकं काढलं. मग त्याने आणि मी मिळून चाचांना वर चढवलं आणि मी पुढे बसलो. चाचा बसले, पुढे वाकले आणि माझ्या बगलेखालून डावा हात घालून हँडलवरचं हॉर्नचं बटण चाचपायला लागले. हँडल एवढं रुंद की बोट पोचेना.

"भाईसाब, हॉर्न से गाड़ी नहीं चलती," दुकानदार म्हणाला.

"चाय चलती हाय," चाचा म्हणाले. "दूसरी दिखाओ."

दुसरी आपल्याकडे बनलेली. सिंगल सिलिंडर, अंगाने हलकी, दिसायला सांगाड्यासारखी. ती बघून मला गावच्या बाजारातला माणूस भेटावा तसं झालं. कागदावर मात्र तिची सीट सगळ्यांत उंच लिहिलेली. मी देवाचं नाव घेऊन बसलो आणि काय सांगू, दोन्ही पायांचे चवडे टेकले! टाचाही जवळपास. मी पुन्हा उतरलो, पुन्हा बसलो. टेकले. दुकानदारालाच नवल वाटलं. तो म्हणाला, "भाई, ये तो लंबे आदमी की गाड़ी है." मी म्हटलं, "है ना." चाचांना मागे बसवून बघणार तेवढ्यात पिकअपच्या ड्रायव्हरने हॉर्न मारला आणि आम्ही दोघेही धावलो. बसल्यावर चाचा म्हणाले, "बगितलंस? परत आपणच धावलो."

त्या दिवशी घरी फोनवर मी बायकोला सांगितलं, गाडी ठरली.

"किती दिरहम?"

मी सांगितलं.

"म्हंजी रुपयं किती?" मग स्वतःच हिशेब करून म्हणाली, "पाय टेकतात का तुमचं?"

"टेकतात."

"खरं सांगा. लग्नात घोड्यावरसुदिक टेकत नव्हतं."

"घोड्यावर कुणाचे टेकतात?"

"मग ठीक हाय."

पण नवी गाडी घ्यायची तर नोंदणी, विमा, कागद, आणि दुकानातून हातात यायला वेळ. चाचांची तारीख जवळ येत होती. तेवढ्यात आमच्या क्रेन ऑपरेटरने सांगितलं की शेजारच्या खोर फक्कानला एक पुण्याचे साहेब जुनी गाडी विकतायत. जपानी, डब्बल सिलिंडर, जवळजवळ न चालवलेली. कागदावर तिची सीट शारजातल्या गाडीपेक्षा चांगलीच बुटकी. मला वाटलं, ती एवढी उंच असून पाय टेकले, तर हिच्यावर मी मांडी घालून बसेन.

रविवारी सुट्टीच्या दिवशी गेलो. साहेब कंटेनरच्या बंदरात ऑफिसात असतात, बायको-मुलीसह समुद्रासमोरच्या बिल्डिंगमध्ये राहतात. माणूस फार गोड. "या या, बसा," करत घरात नेलं. आणि मग, "बाळा, काकांना पाणी आण." आतून मुलीचा आवाज आला, "चिल्ड ऑर नॉर्मल, बाबा?" साहेब कसनुसं हसले आणि आम्हाला म्हणाले, "कळतं तिला सगळं मराठी."

गाडी खाली पार्किंगमध्ये, चादरीखाली.

"दर शुक्रवारी सुरू करतो, बॅटरी उतरू नये म्हणून," साहेब म्हणाले. "मग बंद करतो."

"आणि चालवता कधी?" चाचांनी विचारलं.

"तोच प्रश्न बायकोने विचारला. म्हणून विकतोय."

गाडी लाल, चिखल कसा असतो ते न बघितलेली. मी ऐटीत पाय टाकून बसलो आणि पाय सोडले. खाली जमीन नव्हतीच. म्हणजे होती, पण बोटांच्या टोकाला. डावा पाय टेकवायचा तर उजवा उचलायचा, उजवा टेकवायचा तर गाडी तिकडे कलायची.

"साहेब, ही गाडी कागदावरच्यापेक्षा उंच आहे," मी म्हटलं.

"असं कसं होईल?"

"शारजात हिच्यापेक्षा उंच गाडीवर माझे पाय टेकले. चाचांना विचारा."

साहेबांनी मोबाइलवर दोन्ही गाड्यांची उंची काढून बघितली, टायर बघितले, स्प्रिंग बघितली. त्यांनाही कोडं पडलं. मला तर कंपनीनेच फसवल्याचा संशय यायला लागला होता. चाचा मात्र गाडीकडे बघतच नव्हते. माझ्या पायांकडे बघत होते.

"घाट्या, आज पायात काय हाय तुज्या?"

"सँडल."

"आणि त्या दिवशी?"

त्या दिवशी आम्ही कामावरून गेलो होतो. पायात सेफ्टी शूज. लोखंडी टोकाचे, दोन बोटं जाड तळव्याचे, जे कामाच्या दिवशी आम्ही झोपताना आणि नमाज-देवपूजेला सोडले तर काढत नाही. ते पायात आहेत हे मला आठवतही नव्हतं. अंगाला चिकटलेली वस्तू कुठे आठवते? शारजातली गाडी मला नाही, माझ्या बुटांना बसली होती.

चाचा एवढे हसले की खांबाला टेकले. "चप्पल घालून गेला असतास तर शिडी मागितली असतीस रे! आणि त्या बुटाने गिअर कसा टाकणार होतास? ते लोखंडी थोबाड गिअरच्या खाली शिरलं तरी असतं का?"

साहेबही हसले, पण आवरून. मला काही हसू येईना. शारजातली गेली, कारण ती हिच्याहून उंच. चिनी गेली, कारण हॉर्न लांब. ही राहिली होती, तर हिच्यावर मी बालवाडीतल्या मुलासारखा लटकत होतो. आणि चाचांचं सामान कॅम्पमध्ये अर्धं बांधून झालं होतं.

"राहू द्या चाचा," मी म्हटलं. "माझ्या मापाची गाडीच बनत नाही."

"रिगर ना तू?"

"हो."

"मग लोड न लावता हाय-नाय कधीपासून बोलायला लागलास?"

आमच्या कामात एक पद्धत आहे. कितीही घाई असो, हुकाला माल लावला की आधी वीतभर उचलायचा आणि थांबायचं. बघायचं, कुठे झुकतो, कुठला पट्टा सरकतो, वजन कुठे बसतं. मग पुढची खूण. रिकाम्या हुकाकडे बघून कुणी काही ठरवत नाही. चाचांनी पार्किंगच्या कडेला, जिथे सिमेंटचा कट्टा होता, तिथे गाडी लावायला सांगितली. मी बसलो. साहेबांनी हँडल धरलं. चाचा कट्ट्यावर चढले, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि गुडघ्याला दोन शिव्या देऊन पाय पलीकडे टाकला.

बसले.

गाडीने खालून श्वास सोडल्यासारखं केलं आणि खाली आली. स्प्रिंग दबली. माझ्या सँडलचे तळवे जमिनीला लागले. नुसती बोटं नव्हे, चवडे, आणि टाच इतकी जवळ की मधून चपाती गेली नसती. मी जागेवरच गाडी इकडे-तिकडे झुकवली. सावरली. चाचांचं वजन मागे असं बसलं होतं की गाडी उलट शहाण्यासारखी उभी होती.

"बघ," मागून आवाज आला. "लोड आला की उंची उतरते. आता थांब जरा."

आणि माझ्या बगलेखालून त्यांचा हात पुढे आला, बटणाशी पोचला आणि त्या बंद पार्किंगमध्ये असा हॉर्न वाजला की वरून मुलीने खिडकीतून विचारलं, "बाबा, इज एव्हरीथिंग ओके?"

"ओके, ओके!" चाचा ओरडले. "व्हेरी ओके!"

साहेब प्रामाणिक माणूस. व्यवहाराच्या आधी मला बाजूला घेऊन म्हणाले, "एक सांगतो, राग मानू नका. काका मागे असताना पाय टेकतायत. तुम्ही एकटे चालवाल तेव्हा टाचा पुन्हा वर जाणार. आणि काका तर चाललेत म्हणता. नीट विचार करा."

मी कधी नव्हे ते विचार केला नाही, सरळ पैसे मोजले.

"नंतर सीटचा फोम कमी करून घ्या मग," ते म्हणाले. "आणि जोडीला त्यांच्यासाठी हेल्मेट घ्या. माझ्याकडे बायकोसाठी आणलेलं आहे, तिने डोक्याला लावलेलं नाही. तेच न्या."

ते गुलाबी होतं. चाचांनी ते टोपीवर चढवून बघितलं, आरशात बघितलं आणि म्हणाले, "माशाल्ला."

पुढच्या रविवारी सकाळी आम्ही निघालो. कॅम्पच्या धोबीखोलीबाहेर दोन पायऱ्या आहेत, तिथून चाचांना चढवलं. अर्धा कॅम्प बघायला. कुणी म्हणालं, "चाचा, दुल्हा लग रहे हो." कुणी म्हणालं, "घोडा संभाल के!" चाचांनी सगळ्यांना मूठ दाखवली. थांब.

गाव सुटलं आणि डोंगर सुरू झाले. तुम्ही म्हणाल वाळवंट, पण या बाजूला डोंगर आहेत. भाजलेल्या विटेच्या रंगाचे, गवताचं पान नाही, मधल्या खोलगटांत मात्र खजुरांची झाडं अचानक हिरवी. हवा गार होती. मी हातापायांत कुलूप लावल्यासारखा बसलो होतो. मागून चाचांनी खुणा सुरू केल्या. खांद्यावर एक थाप म्हणजे बारीक, हळू घे. दोन म्हणजे चल. वळण आलं की ज्या बाजूला वळायचं त्या बाजूचा खांदा दाबायचा, जणू मीच क्रेन आहे. इतकी वर्षं मी त्यांनी शिकवलेल्या खुणांवर माल हलवला, आता मला हलवत होते. तिसऱ्या-चौथ्या वळणापर्यंत माझं कुलूप निघालं. खडीचा ट्रक शेजारून गेला, वाऱ्याचा धक्का आला, गाडी जागची हलली नाही. मागे वजन होतं ना. मी चक्क गाणं म्हणत होतो. हेल्मेटमध्ये, मनातल्या मनात नव्हे, मोठ्याने. चाचांनी एक थाप मारली. बारीक.

ते वळण आलं. स्पीडब्रेकर अजून तिथेच. कॅफेटेरियाचा रंग बदललेला, पण चाचा म्हणाले, तोच. मी गाडी दारासमोर लावली आणि दोन्ही पाय टेकवले. दोन्ही बाजूंना गाड्या उभ्या होत्या, काचा वर. आम्ही त्यांच्या रांगेत.

"चाचा," मी म्हटलं. "तुमचा हॉर्न."

ते लगेच वाजवेनात. बगलेखालून हात पुढे आला, बटणावर अंगठा ठेवला आणि तसाच राहिला. मी मागे वळून बघू शकत नव्हतो, पण हात बघू शकत होतो. पट्ट्यांनी, साखळ्यांनी सोलवटून पक्का झालेला हात. मग वाजला.

आतून एक माणूस दारात आला, बंगाली असावा. आमच्याकडे बघितलं आणि ओरडला, "ऑर्डर नंबर?"

कसला नंबर? मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मोटरसायकल आणि हेल्मेट. तो आम्हाला डिलिव्हरीवाले समजला होता. ॲपवरची ऑर्डर न्यायला आलेले.

"नंबर बोलो, भाई! अंदर आ के ले लो!" आणि तो आत गेलासुद्धा.

एवढं करून शेवटी आत जाऊन चहा आणायचा? "मी आणतो चाचा," मी म्हटलं, आणि मग कळलं की मी उतरलो तर गाडी कोण धरणार, आणि चाचा उतरले तर परत कसे चढणार. इथे कट्टा नव्हता, पायऱ्या नव्हत्या.

"उतरायचं नाव काढू नको," चाचा म्हणाले. "मला परत चढवायला इथे क्रेन कुठून आणशील?"

त्यांनी हेल्मेट काढलं. पांढरी दाढी, वर जाळीची टोपी, हातात गुलाबी हेल्मेट. आणि अंगठा बटणावर ठेवून असा लांबलचक हॉर्न मारला की शेजारच्या गाडीतल्या अरबी माणसाने काच खाली केली.

बंगाली पुन्हा बाहेर आला, या वेळी चिडून.

"डिलिवरी नाय!" चाचा ओरडले. "कस्टमर! दो करक!"

तो थबकला. चाचांकडे बघितलं, गाडीकडे बघितलं. शेजारचा अरबी माणूस हसत त्याला म्हणाला, "यल्ला, यल्ला, हज्जीला चहा दे." तेवढं अरबी मला कळतं. आणि बंगालीचा चेहराच बदलला. "अरे चाचा, पहले बोलना था!" म्हणत आत पळाला. पळाला! आणि खरंच पळत आला, ट्रेमध्ये दोन ग्लास, वर कागदी रुमाल.

चाचांनी ग्लास घेतला आणि त्याला म्हणाले, "अपना भी ला. मेरे खाते में." तो म्हणाला, ड्यूटी है. चाचा म्हणाले, "मैं भी ड्यूटीवाला ही हूँ. ला." त्याने आणला आणि गाडीशेजारी उभा राहून दोन घोट मारले. तेवढ्यात दुसऱ्या गाडीने हॉर्न दिला आणि तो ग्लास आमच्या आरशाजवळ ठेवून धावला.

आम्ही सावकाश प्यालो. चहा जरा जास्तच गोड होता. कंपनीची एक बस आली, आमची नव्हे, दुसऱ्या कुणाची. स्पीडब्रेकरवर हळू झाली. खिडक्यांत डोकी टेकलेली, झोपलेली. एक जण जागा होता. चाचांनी ग्लास वर करून त्याला दाखवला. बस गेली.

"बस," चाचा म्हणाले. "आता घरी."

ते घरी गेले त्यालाही आता दिवस झाले. एअरपोर्टला कंपनीच्या गाडीने गेले, गुलाबी हेल्मेट मला देऊन. मी गाडी चालवतो. सिग्नलला बोटांवर उभा राहतो, बाजूला कुणी बघत असेल तर आकाशाकडे बघतो. फोम कमी करून घ्यायचाय. फुजैरात एक जण करतो म्हणतात. जाणं होत नाही.

रविवारी त्यांचा व्हिडिओ कॉल येतो. ओट्यावर खुर्ची टाकून बसलेले असतात. माझी तब्येत, पगार, मुलगी, काही विचारायच्या आधी म्हणतात, "घाट्या, वाजव."

मी फोन हँडलजवळ धरून हॉर्न वाजवतो. आणि चाचा मान मागे वळवून घरात हाक देतात, "ऐकलास ना? आता चाय आण!"

आतून चाचींचा आवाज येतो, "आग लागो त्या हॉर्नला." आणि मग, मला इथून अगदी स्पष्ट ऐकू येतं, कपबशी वाजते.